सकाळचा पहिला धूर

बाबा, काल सकाळी तुमची गाडी विकली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मला निवांत लिहिता येईल. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याकडेच होती. आमच्या सोसायटीत घरटी एकच गाडी उभी करता येते. तिथे नवऱ्याची नवी गाडी असते आणि तुमची बाहेर रस्त्यावर, कडुनिंबाखाली, पानं आणि पाखरांची घाण अंगावर घेत. लोक कुरकुरायला लागले, नवरा मला समजावून थकला, शेवटी मीच हो म्हटलं. हो म्हटल्यापासून घरात सगळ्यांवर खेकसत होते.

नागपुरात जरीपटक्यातलं तुमचं गॅरेज रविवारी बंद असायचं, पण तुम्हाला खरी मागणी त्याच दिवशी. कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो तुम्हाला सोबत न्यायचा. सकाळीच जायचं, चहाच्या आधी, हा तुमचा नेम, कारण रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाचा पहिला धूर तुम्हाला पाहायचा असायचा. मी तेव्हा कॉलेजात, लायसन्स नवं कोरं, म्हणून चावी फिरवायला मी आणि मागे सायलेन्सरपाशी उकिडवे बसलेले तुम्ही. त्याआधी बोनेटवर तळहात ठेवायचे. गरम लागलं की मालकाला काही न बोलता मला म्हणायचे, "चाल वं, इथं आधीच चुलीवर ठेवून झालं." विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात, सकाळचा निळा धूर उडून जातो आणि आत तेल जळतं आहे हे कळत नाही, हे मी त्या रविवारांमध्ये शिकले. गंमत म्हणजे ते शिकताना मला फार कंटाळा यायचा. मैत्रिणी झोपलेल्या असायच्या आणि मी कोणाच्या तरी अंगणात धूर हुंगत.

डिसेंबरातली ती सकाळ मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. गांधीबागेतल्या एका कापडवाल्याच्या दारात आपण उभे आहोत, गाडी घेणारा माणूस शाल पांघरून बाजूला. मी चावी फिरवते, आरशात पांढऱ्या धुराचा लोट दिसतो आणि मी खिडकीतून डोकं काढून सगळ्यांदेखत ओरडते, "बाबा, पांढरा! इंजिन गेलं!" कापडवाल्याचा चेहरा पडतो. तुम्ही धुरात हात धरता, वास घेता, ओला हात पँटला पुसता आणि माझ्यावर उखडता, "काहून वं, थंडीत तुह्या तोंडातून बी धूर निघून राहिला ना? मंग तुले बी गॅरेजात टाकू का?" ती नुसती वाफ होती. इंजिन जरा तापलं आणि धूर विरून गेला. पण शालवाला बिचकला तो बिचकलाच. परतताना मी गाल फुगवून बसले, तर तुम्ही मला तर्री-पोहे खायला घातले आणि वर स्वतःच हसत सुटलात. काही दिवसांनी तीच गाडी आपल्या दारात उभी. आई विचारायला लागली तर तुमचं उत्तर तयार, "पोरीनं भर बाजारात बदनाम केली, आता आपल्याशिवाय कोण घेईन हिले?"

आता तीही म्हातारी झाली होती. रोज सकाळी पहिल्यांदा सुरू केली की निळसर धूर सोडायची, जरा वेळाने साफ. काल कामठीचा एक माणूस बायकोला घेऊन पाहायला येणार होता. नवरा म्हणाला, "तो यायच्या आधी थोडी चालू करून ठेव ना वं. सारेच करतात." मी म्हटलं, बाबांच्या गाडीच्या बाबतीत असलं चालणार नाही.

ते दोघं शेअर ऑटोने आले. "जयभीम ताई" म्हणून त्याने सरळ बोनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चावी फिरवली. निळा धूर आला, चांगला भरपूर आला, मला आरशात दिसला. म्हटलं, झालं, आता हा जातो. तर तो मागून हात पुसत आला. "ताई, मले म्हाईत आहे ही ऑइल पिऊन राहिली. पण इतक्या गाड्या पाहिल्या, साऱ्यांचं बोनेट गरम. तुमचीच थंडी निघाली. आईले डायलिसिसले नागपुरात आणा लागते, मले खोटं बोलणाऱ्याची गाडी नाही पायजे." त्याची बायको माझा हात धरून म्हणाली, "वडिलांनी शिकवलं असंन ना?" मी मान हलवली. यापुढे नाही म्हणायला तोंडच उरलं नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मी रस्त्यात उभी राहून रडले, नवऱ्यादेखत. हे पत्र खरं तर तिच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं असतं, पण तो कप्पाही आता कामठीला गेला. उशीखाली ठेवीन, अजून काय करणार.

कालपासून नवरा सगळ्यांना फोनवर सांगतो आहे की ही अगदी बापावर गेली. तुम्ही असता तर असे फसला नसता. बाबा, गाडी थंड ठेवली ती खरेपणासाठी नाही. निळा धूर पाहून तो माणूस आल्या पावली परत जावा, म्हणून ठेवली होती.