पार्सल अन्वरभाईंकडे ठेवलंय

३ फेब्रुवारी
आज फार वाईट झालं. पार्सलवाल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत होते, ऐकू आला नाही. घरी येऊन पाहते तर मेसेज. घर सापडलं नाही, पार्सल हायवेवर अन्वरभाईंच्या दुकानात ठेवलंय. सगळ्या वडीगोद्रीत त्याला नेमकं तेच दुकान सापडलं.

गेले. न जाऊन करते काय. अन्वरभाईंनी गल्ल्यामागून पुडकं काढलं, फडक्याने धूळ पुसली. "वैनी, तुमचं आलंय काहीतरी."

मी म्हटलं, "शीतलनं पुण्याहून पाठवलं. पुस्तकं असतील."

पुस्तकं! मऊ पुडकं, घडीवर घडी. आणि समोर तीस वर्षं ब्लाऊजपीस विकणारा माणूस. डोळे मिटून हात लावला तरी रुबिया कोणतं नि पॉपलीन कोणतं सांगतात ते. म्हणाले, "बराबर, बराबर." चहा सांगू लागले. मी घाईचं काम आहे म्हणून निघाले. घाई कसलीच नव्हती.

४ फेब्रुवारी
लिहूनच ठेवते, नाहीतर चार दिवसांनी मीच म्हणेन, त्यात एवढं काय.

मागच्या बुधवारी शाळेतल्या शिंदे मॅडमची साडी आली, तिच्यावर ब्लाऊज शिवायचा. रंग धड जांभळा नाही, धड वांगी नाही. साडी घेऊन अन्वरभाईंकडे गेले. ट्यूबच्या उजेडात ते मॅचिंग कधीच करत नाहीत. चार तागे काखेत मारून ओट्यावर उन्हात आले. एकेक तागा पदराला लावून पाहिला, सरळ धरून, मग तिरका करून. शेवटी शेडकार्डातल्या एका नंबरावर बोट ठेवलं. "हा. बिलकुल हाच."

नंबर मी मनात धरला. "मॅडमला विचारून येते" म्हटलं. घरी येऊन पाणीसुद्धा प्यायले नाही, तो नंबर मोबाईलवरच्या खरेदीच्या ॲपात टाकला आणि कापड मागवलं. थोडं स्वस्त पडतं. घरपोच येतं, उन्हात चालायला नको.

पहिली वेळ असती तर एवढं लिहिलं नसतं. दीड वर्ष झालं. मखमली हिरवा, मोतिया, कौसाबाईच्या सुनेचा तो विचित्र गुलाबी. सगळे रंग त्यांनी शोधायचे आणि कापड मी दुसरीकडून घ्यायचं. दर वेळी तेच, "विचारून येते." त्यांनी एकदाही म्हटलं नाही की वैनी, मागचं काय ठरलं.

५ फेब्रुवारी
मॅडमचा ब्लाऊज बेतला. कापडात कात्री घालवेना. घातली.

त्या दुकानाला लागून ह्यांचं पंक्चरचं दुकान होतं. अठरा वर्षं दोघांचा एकच चहा, अर्धा अर्धा. हे गेले तेव्हा अन्वरभाई नुसतं तेरवीपर्यंत नाही, पुढेही महिनाभर रोज येऊन दारात बसायचे. बोलायचे काही नाहीत. तीन वर्षं होतील वैशाखात. ह्यांच्या शर्टांची बटणं काढून डबीत ठेवलीत, अजून एक वापरवलं नाही. आणि त्यांच्या दोस्ताशी मी हे असं

७ फेब्रुवारी
शीतलचा फोन. तिला सांगितलं, बंद करते ते ॲप.

"आई, सगळं जग तिथूनच घेतं. तू एकटीनं बंद केलंस तर त्या कंपनीला कळणारसुद्धा नाही."

"न कळू दे. कंपनीला कळावं म्हणून करून राह्यले का मी?"

"मग कशाला?"

तिला पुस्तकांच्या थापेचं सांगितलं नाही. लेकीला काय सांगायचं.

बोट दाबून धरलं की ते चित्र थरथरतं, मग काढायचं का म्हणून विचारतं. काढलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी
अन्वरभाईंकडे गेले. हुक, दोरा, अस्तर, फॉल, सगळं घेतलं. लागत नव्हतं तेही घेतलं.

"वैनी, एवढे हुक? पलटणीचे ब्लाऊज शिवता का काय?"

हसले मी. ते आपले मोजून पुडीत बांधत होते. सांगणार होते, तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. बरं झालं, असं वाटलं. ते वाटलं त्याचीही लाज वाटली.

२० फेब्रुवारी
कापडाचं सोडलं, ते जमतंय. पुस्तकांचं जमत नाही.

चौथीत शाळा सुटली. वाचायला लागले ती लग्नानंतर, कटिंगच्या कागदांवर. ब्लाऊजचा बेत जुन्या पेपरावर काढायचा असतो. काखेच्या मुंढ्यापाशी बातमी तुटायची. पुढे काय झालं म्हणून दुसरा कागद हुडकायची, तो बाहीत गेलेला असायचा. असं जोडत जोडत शिकले. आता पुस्तक लागतंच. इथं पुस्तकाचं दुकान नाही, जालन्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो.

तर ते ॲप परत घेतलं. एक पुस्तक मागवलं. पत्ता कौसाबाईचा दिला, शेजारच्या, म्हणजे चुकूनसुद्धा अन्वरभाईंकडे जाऊ नये. आज आलं. या वेळी खरंच पुस्तक. उशाशी ठेवलंय, उघडलं नाही.

ॲप पुन्हा काढलं. शीतलला कळलं तर हसेल.

६ मार्च
रोजे चालू आहेत. दुपारी दोनला गेले, पिस्ता रंगाची साडी होती. म्हटलं, राहू द्या, उन्हात नका येऊ, पाण्याचा घोट नाही तुमच्या पोटात. "रोजा पोटाला असतो वैनी, डोळ्याला न्हाई," म्हणाले आणि आले ओट्यावर. ओठ सुकलेले. कापड तिथंच घेतलं. मीटर मोजून झाल्यावर चार बोटं पुढे सरकवून कापलं, नेहमीसारखं. आता ते चार बोटं कापडही मला बघवत नाही.

२२ मार्च
काल ईद झाली. सकाळीच अन्वरभाईंच्या घरून शहनाजभाभींचा शीरखुर्म्याचा डबा आला, दरवर्षी येतो तसा. भाभींच्या हाताला जी चव आहे... पण दोन चमचे खाऊन झाकून ठेवला.

डबा रिकामा परत देऊ नये. आज गव्हाची खीर करून भरला आणि दुकानात घेऊन गेले. गिऱ्हाईक नव्हतं. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ती पुस्तकं नव्हती. तुमच्याकडून नंबर घ्यायचे अन् तिकडून मागवायचे. दीड वर्ष.

ते डब्याचं झाकण पुसत राहिले. "माहीत होतं," म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या खेपेपासून. मखमली हिरवा. मंग तोच ब्लाऊज तुम्ही शिवून दिलेला बाईच्या अंगावर पाहिला. माझ्याकडून तर कापड गेलं न्हाई, मंग आलं कुठून?"

 मग म्हणाले, "तुम्ही एकट्या थोड्याच आहात. बाकीच्या बाया माझ्या तोंडासमोर मोबाईल धरतात. भाई, हाच रंग का, बघून सांगा. तुम्ही निदान लपवलं."

मी रडायला लागले. तर म्हणाले, "आता दुकानात रडू नका वैनी, लोक म्हणतील भाव लई लावला."

मग खाली बघत, "कापडाचं काही न्हाई. धंदा आहे. पण मला पुस्तक म्हणून सांगितलं ना. मला. ते लागलं."

माफी मागितली. "जाऊ द्या" म्हणाले. जाऊ द्या म्हणजे गेलं असं नाही, एवढं मला कळतं.

२७ मार्च
आज दुकानावर नवा फलक. पार्सल इथे मिळतील. त्याच कंपनीचा.

डाव्या हाताचं कपाट रिकामं केलंय. रुबियाचे तागे खाली चादरीवर, जे घेईल त्याला कमी भावात. कपाटात खाकी खोके, पुडकी, नावं लिहिलेली. निम्म्या गावाची नावं वाचली मी.

"पुडक्यामागे मिळतं काहीतरी," म्हणाले. "तागा तर महिना महिना उलगडत न्हाई."

"मी बंद केलं भाई ते. कायमचं."

"हो का?" हसले. "मंग तुमचं एक पार्सल कमी झालं माझं."

चेष्टाच होती. मीही हसले. घरी येता येता मात्र विचार आला. मी सोडलं ते त्यांच्यासाठी म्हणत होते. खरं म्हणजे स्वतःला बरं वाटावं म्हणूनच सोडलं ना? आणि सोडलं तेही केव्हा, कपाट रिकामं व्हायच्या बेताला.

१ एप्रिल
विहारातल्या बायांचं ठरलंय, जयंतीला सगळ्यांनी पांढरी साडी, निळा ब्लाऊज. वीस जणी. मिरवणुकीत एका रंगात चालायचं.

चार वाजता पांढरी साडी घेऊन दुकानात गेले. हिच्यावर शोभेल असा निळा पाहिजे, वीस ब्लाऊज, म्हटलं. अन्वरभाईंनी चादरीवरचे तागे चाळले. होता तो निळा दोन मीटरच उरलेला.

"जालन्याहून आणावा लागेल. अख्खा तागा, वीस मीटरचा. एकाच लॉटचा पाहिजे, न्हाईतर मिरवणुकीत दोन निळे दिसतील. पण वैनी, तागा आणला अन् राहिला तर आता ठेवायला जागा न्हाई माझ्याकडं. पूर्ण घ्याल का?"

"घेते."

"बायांना विचारलं?"

"घेते म्हटलं ना भाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते विश्वासाने पाहत होते की आता ही काय थाप मारते म्हणून, ते मला ओळखू आलं नाही. पूर्वी आलं असतं. "परवा सकाळी साडेसहाच्या गाडीनं जातो मंग. त्याच्या आत नक्की सांगा. विचारून येते म्हणू नका फक्त."

२ एप्रिल
संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर बायांना थांबवलं. म्हटलं, ब्लाऊजचं कापड अन्वरभाईंकडून घेऊ, मी सगळ्यांचे शिवते, शिलाई निम्मी.

कौसाबाई म्हणाली, "आगं आमचे तं मागवून झाले. तयार ब्लाऊज. सतरा जणींचे. परवा येऊन राह्यले."

"कुठून?"

"कुठून म्हंजी? मोबाईलवरून. माझ्या मोबाईलवर ते तूच टाकून दिल्तं की गं मंगल. हे दाब, ते दाब, आता बस घरी. माझ्यापासून मंग ह्या सगळ्या शिकल्या."

बाया हसल्या. वाईट नाही हसल्या, खरं तेच होतं. मला आठवलंही. माझ्या ओट्यावर बसूनच शिकवलं होतं, मोठ्या ऐटीत.

"हो," म्हटलं, "मीच." मग खाली बसले आणि सगळं सांगितलं. नंबरचं, ओट्यावरच्या उन्हाचं, पुस्तकं म्हटलं ते. बाबासाहेबांच्या फोटोसमोर, वीस जणींत.   एकीने पोराला उगाच चापट मारली.

कौसाबाई म्हणाली, "मंग आता आम्ही ते परत पाठवायचे म्हणतीस?"

"परत करता येतात."

"ते बी तूच शिकवल्तं."

पुन्हा हसू. मग एकेक उठली. स्वयंपाक होता, म्हशी होत्या. दोघी म्हणाल्या घरी विचारून सांगतो. घरी विचारून! मला काय बोलायचं तोंड आहे. ज्यांचे मागवायचे राहिले होते त्या तिघी हो म्हणाल्या.

तीन ब्लाऊज म्हणजे तीन मीटर. बाकीचा सतरा मीटर निळा माझा मीच घ्यायचा का, घेतला तर त्याचं काय करायचं, ठाऊक नाही. नाही म्हणून सांगायला जायला पाय उठत नाही.

सकाळी साडेसहाची गाडी. अन्वरभाई स्टँडवर जाताना माझ्या दारावरून जातात. अजून तिघीच.