उसानं ठेवून घेतलेला आवाज

काटेवाडी, ३ ऑक्टोबर १९३४

बारामती स्टेशनावरून बैलगाडीनं आलो आणि कालव्याच्या पाणीवाटपाचा कारकून म्हणून रुजू झालो. राहायला मिळालेली चौकी टुमदार आहे. चारी बाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस आणि त्यातून बांधाकडे जाणारी एकच पाऊलवाट. पुण्याच्या गोंगाटानंतर जीव कसा सुखावला. बायकोला, रतनला, लगेच पत्र लिहिलं, सोळा तारखेच्या गाडीनं निघून ये. आई मात्र पुण्याचं घर सोडायला तयार नाही. गाडीवान पत्र टाकणार आहे.

५ ऑक्टोबर

इथली माणसं भांडल्यासारखी बोलतात. कारण आज कळलं. उसात हाताच्या अंतरावरचा माणूस दिसत नाही, म्हणून जो तो मोठ्यानं बोलतच चालतो. शेजारचे शेतकरी सोपानतात्या म्हणाले, "उसात मुकं चालू नगा, रावसाहेब. गप माणसाचा आवाज ऊस ठिवून घेतो." महिन्याभरात तुम्हीही ओरडायला लागाल, असं वर ऐकवलं. मी जन्माचा घुम्या. बायकोला जमलं नाही ते या उसाला काय जमणार? मान डोलावली आणि तोंड मिटून घरी आलो.

९ ऑक्टोबर

पाऊलवाटेवर होतो. उसातून कुणीतरी तात्यांना हाक मारली. पलीकडून तात्यांनी ओ दिली, पीकपाण्याच्या गप्पा झाल्या. आवाज माझा होता. मी मात्र वाटेवर गप्प उभा होतो.

घरी येऊन मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला गेलो, तर घशातून नुसती हवा निघाली. मला भीती वाटते आहे.

१२ ऑक्टोबर

प्रयागबाई दूध घेऊन चौकीवर यायची. आज बांधावरूनच परत गेली. माझ्या आवाजानं तिला सांगितलं, दूध इथंच ठेवत जा, घराकडे कुणी येऊ नका. पलीकडून तात्या कौतुकानं म्हणत होते, की रावसाहेब आता आमच्यातलेच झाले.

पाऊलवाटेनं पळालो. चौकीच्या मागच्या दाराशी निघालो. पुन्हा पळालो. पुन्हा मागचं दार.

१५ ऑक्टोबर

उद्या रतन येणार. तिला बांधावरच अडवायला हवं, मग माझं काही का होईना. ऊस पेटवून पाहिला. हिरवागार, पेटच घेत नाही. वाट धरली की मागचं दार—

१६ ऑक्टोबर

रतन बांधावर आली आहे. घर कुठं, विचारतेय—

माझा आवाज सांगतो, सरळ आत ये.

पत्रा बडवतोय मी. हे काय वाजतंय, तिनं विचारलं. "प्रयागबाई पाखरं हाकलतायत," तो म्हणाला. ती हसली.

रतन, येऊ नको

पानं सळसळतायत. जवळ—

दारात रतन. ओठ हलतायत, आवाज नाही. गळा धरून माझ्याकडे बघतेय. तिचा आवाज बाहेर उसात आहे, माझ्या आवाजाशी बोलतोय, खिदळतोय. म्हणतोय, तुमच्या आईंनाही बोलावून घेऊ या, एकट्या कशाला राह—