पाकिटाची मागची बाजू

सोनपेठ,
८ ऑगस्ट १९९३

चि. भगवान यास गीताताईचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोन पानं उंदरांवर आणि दोन ओळी बहिणीवर! काल शाळेत एका बाईंनी विचारलं, भाऊ पुण्यात काय करतो. मी म्हटलं, सरकारी खर्चानं उंदीर पाळतो. इथं लोक उंदरांना औषध घालून मारतात, तू औषध देऊन बघत बसतोस.

आईच्या गोळ्यांचं पाकीट वेळेवर आलं. बाबा गेले त्याच महिन्यात तिचं ब्लडप्रेशर निघालं. गोळ्या चालू केल्यापासून ते ठीक आहे, पण आई ठीक नाही. पापण्या अर्ध्या मिटून, पाठ वाकवून बसते, समोर ताट असलं तरी कोपरा सोडत नाही. नामांतराच्या मोर्च्यात घोषणा देऊन अकरा दिवस तुरुंगात राहून आलेली बाई ती! शेजारची कडूमावशी म्हणते, चांगुणाचा जीव नवऱ्यासंगच गेला, आता नुस्ती कुडी हाय.

रविवारी बन्सीधर पिंगळीहून आले होते. स्टेशनातली नोकरी कायम झाली, घरचे आता लग्नासाठी थांबायला तयार नाहीत. मी त्यांच्यासमोरच आईला विचारलं, जाऊ का. तिनं मानही वर केली नाही. तिला टाकून कशी जाऊ? त्यांना नाही म्हणून सांगितलं. तू यावर काही लिहू नकोस, मला सोसणार नाही.

लोभ आहेच, पुढच्या पत्रात तो उंदरांपेक्षा जास्त दिसू दे.

तुझी,
गीताताई


पुणे,
१४ ऑगस्ट १९९३

ती. ताईस भगवानचा सविनय जयभीम, वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे. पत्र हातात पडेल त्याच दिवशी रजा टाक आणि आईला घेऊन परभणीच्या मोठ्या डॉक्टरांकडे जा. गोळ्यांचं पाकीट न विसरता ने आणि गोळी बदलून माग.

कारण सांगतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. निरोपाचा माल आधी पेशीतल्या बारीक पिशव्यांत भरावा लागतो. तो भरणारं एक प्रथिन असतं, बाजारात पोती भरणारा हमालच म्हण. गेल्याच वर्षी शास्त्रज्ञांना त्याचा नीट पत्ता लागला आणि आमची सगळी प्रयोगशाळा त्याच्यामागे आहे. सर्पगंधेच्या मुळीतून निघणारं एक औषध या हमालाचे हात बांधतं. पिशव्या रिकाम्या राहतात. हुशारी, भूक, उमेद, सगळं थंडावतं. ते औषध मी रोज उंदरांना टोचतो.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेतच वाचलं. शेजारी माझी नोंदवही उघडी होती. त्यात मीच लिहिलेलं, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, पाठ वाकलेली, समोर खाणं असूनही कोपरा सोडत नाही. ताई, मी वही तशीच टाकली. धावत खोलीवर आलो. पुढच्या महिन्याचं पाकीट पोस्टात टाकायचं म्हणून टेबलावर ठेवलं होतं. ते उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत तेच नाव होतं.

जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव होतं. दुकानात चिठ्ठी दाखवायची, पाकीट पोस्टात टाकायचं, तीन वर्षं मी एवढंच केलं. मागची बाजू एकदाही वाचली नाही. आईला तिच्या पोरानंच कोपऱ्यात बसवलं. तिला हे सांगू नकोस.

माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
भगवान


सोनपेठ,
५ डिसेंबर १९९३

चि. भगवान यास सप्रेम जयभीम, वि. वि.

डॉक्टरांनी पाकीट पाहताच गोळी बदलली, हे मागे कळवलंच आहे. दोन महिने काहीच फरक नव्हता, म्हणून पुढे लिहिलं नाही. मग दसऱ्याला आईनं ताट सरकवलं आणि कडूमावशीला विचारलं, भाजीत मीठ घालायला तुमच्यात मनाई हाय का. माझ्या हातातली पळी खाली पडली. तेव्हापासून रोज कुणाशी ना कुणाशी भांडण आहे आणि घर कसं भरल्यासारखं वाटतं. नवी गोळी ती तळहातावर धरून बसते. मी पाकीट पुढून-मागून वाचून दाखवल्याशिवाय गिळत नाही. तुझी चूक मी सांगून टाकली, मला लपवता येत नाही. ती म्हणाली, दोन लेकरं शिकवली, दोघांनीबी पाकीट वाचलं न्हाई.

परवा बन्सीधरांच्या लग्नाची पत्रिका आली. मी ती ट्रंकेत घातली. आईनं पाहिलं आणि विचारलं, त्या दिवशी तू का न्हाई गेलीस त्याच्यासंगं. मी चिडून म्हटलं, तुला विचारलं होतं, तू बोलली नाहीस.

भगवान, पुढचं नीट वाच. आईला सगळं ऐकू येत होतं. तीन वर्षांतला शब्द न शब्द, कडूमावशीची कुडीसुद्धा. त्या रविवारी ती आतून ओरडत होती, जा गं बाई, जा. पण जीभ हलली नाही आणि बन्सीधरांच्या चपला उंबऱ्यावरून गेलेल्या तिनं ऐकल्या. एवढं सांगून ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मीही रडले.

तू स्वतःला खात बसू नकोस. आईनं तुला एकच निरोप द्यायला सांगितलाय. त्या उंदरांनाबी सगळं ऐकू येत आसंल, त्यांच्यासमोर तोंडाला येईल ते बोलू नको.

दोघींचा लोभ आहे, सुट्टीत येऊन घेऊन जा.

तुझी,
गीताताई