दोन विहिणी, एक रकाना

आप्पा, आई आज दुपारच्या गाडीनं कर्जतला परत गेली. तिला खिडकीशी जागा मिळवून दिली, पिशवी मांडीवर दिली, गाडी वळेपर्यंत हात हलवला आणि घरी येऊन अशीच बसले आहे. भाजी चिरायची आहे, उद्याच्या डब्याचं बघायचं आहे, पण पाय उचलत नाहीत. पाय उचलत नाहीत हे मी हल्ली रोजच म्हणते, त्यामुळे घरात ते कुणी ऐकत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यापुढे कुरकुर करायची आता लाज वाटत नाही. तेव्हा ऐका.

विमा म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "मेल्यावर मिळतो त्यो. जित्या मानसाला त्याचा काय उपेग?" आणि एजंटाला दुकानाच्या पायरीवरच चहा पाजून वाटेला लावायचात. मी सांगते तो विमा जित्या माणसाचाच आहे, दवाखान्याच्या खर्चाचा. आमच्या कंपनीनं आम्हा सगळ्या कामगारांचा मिळून एक गटविमा काढलेला आहे. आजवर त्यात मी, तुमचे जावई आणि आमचा मुलगा एवढेच होतो. यंदा कंपनीनं नवीन काढलं, की थोडे पैसे पगारातून कापून घरातली दोन वडीलधारी माणसंही त्यात घालता येतील, आणि त्यांचे जुने आजारसुद्धा पहिल्या दिवसापासून धरले जातील. मी हे ऐकलं आणि कँटीनमध्ये बसल्या बसल्या मला रडू यायला लागलं. आईची शुगर, सासूबाईंचं हृदय, दोघींचा घोर एका फटक्यात मिटला असं वाटलं. आपल्याला इतक्या सहज काही मिळत नसतं, हे तुम्ही मला शिकवलं होतं, ते तेवढ्यापुरतं विसरले.

ऑफिसातल्या मुलीनं नियम समजावून सांगितला. आई-वडील, नाहीतर सासू-सासरे. एकच जोडी. एकदा भरली की बदलता येत नाही. मी म्हटलं, बाई, माझे वडील गेले, सासरेही गेले. एक इकडची आणि एक तिकडची, अशी जोडी करता येईल का? ती फार गोड मुलगी आहे. म्हणाली, "मॅडम, सिस्टीमच घेत नाही हो." म्हणजे बघा आप्पा, दोन जागा आहेत, त्यातली एक रिकामीच राहणार आहे, तरी ती भरता येत नाही. आईला घेतलं तर ती रिकामी जागा तुमची. तिथे तुमच्या नावापुढे "हयात नाहीत" असं मला माझ्या हातानं लिहावं लागलं असतं.

घरी येऊन सांगितलं तर तुमचे जावई म्हणाले, "तू ठरव. मी काही म्हणणार नाही." लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर मला कळतं, की ते काही म्हणणार नाहीत हेच त्यांचं म्हणणं असतं. सासूबाई आतून ओरडल्या, "माजं काय, पिकलं पान. विहीणबाईंचं नाव टाक, त्या एकट्या ऱ्हात्यात." आईला फोन केला तर ती म्हणाली, "माजं नाव लेकीच्या कागदावर नगं बाई. तुज्या बापानं तुज्या घरचं पानी पिलं न्हाई, आन मी तुज्या जिवावर दवाखाने करू? विहीणबाईंचं टाक." दोघीही मोठ्या मनाच्या. दोघींनी आपापलं ताट समोरच्या पानाकडे सरकवलं आणि मधे मी उभी राहिले, वाढपीण. एखादीनं जरी हट्ट केला असता ना, तरी मला बरं वाटलं असतं.

तुमच्या त्या पाणी न पिण्याचं मला अजून हसू येतं आणि रागही येतो. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, ही रीत पुष्कळांकडे आहे. पण मूल झालं, बारसं झालं, त्या दिवशी तेवढं तुम्ही जेवलात आणि पुढच्या खेपेला पुन्हा आपले पाण्याची बाटली घेऊन हजर. सासूबाई दारातच म्हणायच्या, "व्याही, आमच्या माठात इख हाय का?" तुम्ही हसून म्हणायचात, "न्हाई हो विहीणबाई, सवय ऱ्हायली." खुर्चीच्या कडेला टेकल्यासारखे बसायचात, पिशवीतून बाजरीचं पीठ, शेंगदाणे, हुलगे काढून द्यायचात, आणि कोमट झालेलं आपलं पाणी पिऊन निघायचात. बारशाला तुम्ही बाळाला स्वतः शिवलेलं झबलं आणलं होतं. त्याला आतून शिवणीत भरपूर माया, जास्तीचं कापड, ठेवलेली. मी म्हटलं, आप्पा, झबल्याला कुणी माया ठेवतं का? तुम्ही म्हणालात, "वाढंल की त्यो. उसवायचं आन पुन्हा मारायचं." आणि खरंच, ते झबलं त्याला कितीतरी दिवस झालं.

आणि तो दुकानातला दिवस. मला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. मी बाजारतळाजवळच्या आपल्या दुकानात आले, तर तुम्ही मशीन थांबवून डावा खांदा चोळत बसला होतात. आई पायरीवर काज-बटणं करत होती, तिचं लक्ष नव्हतं. मी विचारलं तर म्हणालात, कापड वढून वढून खांदा धरलाय. मी म्हटलं, नगरला चला, चांगल्या डॉक्टरला दाखवू, मी आहे ना. तुम्ही कात्री फळीवर आपटलीत. "लेकीच्या पैशानं औषध घ्यायची येळ आली न्हाई माज्यावर. अजून हात चालत्यात." गिऱ्हाईक समोर होतं, मी विषय तिथेच सोडला. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा पाय मशीनच्या पायट्यावर होता आणि सुईखाली अर्धं ब्लाऊज होतं, असं आईनं सांगितलं. मागाहून एकेकजण सांगू लागला, की छातीत दुखतं असं तुम्ही त्याला म्हणाला होतात. चहावाल्याला माहीत होतं, शेजारच्या भांडेवाल्याला माहीत होतं. लेकीला तेवढं माहीत नव्हतं. मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे, हे आज सांगून टाकते.

असो. तुमच्या जावयांच्या ओळखीचा एक विमा एजंट घरी आला. ओसरीवर बसून त्यानं सासूबाईंसमोरच सगळं उलगडून सांगितलं. "ताई, गटाच्या विम्याचं आसं हाय, नोकरी हाय तवर छत्री. नोकरी सुटली की छत्री कंपनीत जमा. स्वतंत्र पॉलिसी म्हंजे आपलं पत्र्याचं घर. गळंल, पन आपलं." मग त्यानं सासूबाईंची जुनी फाईल बघितली, हृदयाच्या नळीत बसवलेली स्प्रिंग, त्यांचं वय, आणि मान हलवली. ह्यांना बाहेर कुणी घेईलसं वाटत न्हाई, म्हणाला. आईला मात्र मिळेल. शुगर असली तरी मिळेल, पैसे जास्त पडतील, आणि शुगरपायी जे काही होईल त्याला पहिली काही वर्षं एक रुपया मिळणार नाही. ती वर्षं सरली की मग धरणार. तोवर नशिबावर.

मग ठरवायला उरलं काय? जिला बाहेर दारच नाही, तिला गटात. जिला दार आहे, तिला दारात उभं करायचं. डोक्याला पटलं, आणि शुक्रवारी मुदत संपायच्या आधी मी सासूबाईंचं नाव भरलं. भरताना काही वाटलं नाही. पार्किंगमध्ये आले आणि गाडीची किल्ली सापडेना, ती हातातच होती. तुम्हाला म्हणून सांगते, दिवाळीनंतर मी नोकरी सोडणार होते. दिवसभर उभं राहून माल तपासायचा, संध्याकाळी पावलं चपलेत मावत नाहीत. आता सासूबाईंची छत्री माझ्या हातात आहे, म्हणजे मला हात खाली करता येणार नाही. त्या शंभर वर्षं जगोत असं मी मनापासून म्हणते, आणि म्हणताना दमते.

आईच्या पॉलिसीसाठी रक्त तपासायचं होतं, म्हणून ती आज पहिल्या गाडीनं उपाशीपोटी आली. फॉर्मवर तिची शुगर मी खरी खरी लिहिली, कागदासाठी पत्ता मात्र आमच्या घरचा दिला. रक्त देऊन घरी आलो तर सासूबाईंनी हुलग्याचे शेंगोळे करून ठेवले होते. आईनं सवयीनं पिशवीतून बाटली काढली. तुमचीच रीत चालवते ती, तुमच्यापेक्षा कडक. सासूबाईंनी ती बाटली तिच्या हातातून घेतली आणि ओट्यावर ठेवली. म्हणाल्या, "विहीणबाई, माजा इमा तुमच्या लेकीच्या कष्टाचा हाय. ती माज्या पोटची न्हाई तरी मी तिचं खाते. आन तुमी पोटचीचं पानी पित न्हाई व्हय?" आईनं आमच्या माठातल्या पाण्याचा पेला उचलला आणि घटाघटा प्यायली. सकाळपासून तहानलेली होती ती. शेंगोळे दोनदा मागून घेतले.

जेवता जेवता तिनं विचारलं, "विहीणबाईंचा कंपनीत. आन माजा?" मी म्हटलं, तुझा वेगळा. स्वतंत्र. "माज्या एकटीच्या नावाचा?" हो, म्हटलं. तिचा चेहरा असा उजळला आप्पा, की मला ताटाकडे बघावं लागलं. दुकान तुमच्या नावावर, घर तुमच्या नावावर, रेशनकार्डसुद्धा तुमच्याच नावावर होतं. तिच्या एकटीच्या नावाचं आयुष्यात पहिल्यांदा काही निघत होतं, आणि त्यात तिला मी कमी दिलं असं तिच्या मनातही आलं नाही. उलट विहिणीपेक्षा आपला मान मोठा, असं वाटून ती जराशी संकोचली.

मग तिनं बोट चाटत विचारलं, "आन हे चालू कंदी व्हनार?"

माझ्या डोळ्यांपुढे तुमचा खांदा आला. तिला खरं सांगितलं तर ती काय करेल, ते मला तोंडपाठ आहे. ती वर्षं मोजत बसेल. पायाला जखम झाली तरी हळद लावून पातळाखाली झाकेल, डोळ्यापुढे अंधारी आली तरी भिंतीला धरून उभी राहील, आणि मला फोनवर म्हणेल, मी ब्येस हाय. शेजारणीला माहीत असेल, गिरणीवाल्याला माहीत असेल. ती वर्षं सरेपर्यंत ती दुखणं धरून ठेवेल, लेकीला खर्च नको म्हणून.

मी म्हटलं, "कागद आला की त्याच दिवसापासून. जरा काही वाटलं की लगेच फोन करायचा. दवाखान्याचे पैसे विमा कंपनीच भरते, आपलं काही जात नाही."

सासूबाईंनी एजंटाचं सगळं ऐकलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पळी पातेल्यात बुडवली आणि आईला म्हणाल्या, "वाढू का अजून?"

विमा कंपनीशी मी खरं बोलले आणि आईशी खोटं. तिला काही झालंच तर कुठून आणायचं, ते मी बघेन. तुम्ही निदान त्याची काळजी करू नका. गाडीत बसताना ती म्हणाली, "तुज्या बापाला कळलं तर खवळंल, मी पानी पिले म्हून." मी म्हटलं, नाही खवळणार.

हे तुम्हाला पाठवायचं म्हटलं तरी पाठवता येत नाही. तुमचा पत्ता मला एकच माहीत आहे, कर्जतचा, आणि तिथे आता आई राहते. आलेलं प्रत्येक पाकीट ती शेजारच्या पोरीकडून वाचून घेते.