वरच्या खोलीतला लाभार्थी

५ जानेवारी, रविवार

अखेर आलो! सामान उतरवणाऱ्यांनी पुस्तकांची खोकी उचलून विचारलं, यात काय दगड भरलेत का. ठमीला नवव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची खोली मिळालीय. तिने दारावर 'आत येण्यापूर्वी विचारावे' अशी पाटी लावूनही टाकली. तिचे बाबा गेल्यापासून तीन वर्षांत पाच भाड्याची घरं झाली. आता कुणी घर सोडा म्हणणार नाही.

घर मावशीचं. आईची एकुलती एक बहीण. लग्न केलं नाही, घर सोडून कधी कुठे राहिली नाही, आणि आम्हाला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आई म्हणायची, शिष्ट आहे झालं. तीन आठवड्यांपूर्वी ती गेली आणि मृत्युपत्रात माझं नाव निघालं. रक्ताचं असं तिला माझ्या नि ठमीशिवाय उरलं तरी कोण होतं!

प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का मिळवायला, एक वकीलबाई धरल्यात. साठीच्या, चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर शोधणाऱ्या. त्या म्हणाल्या, घर थेट माझ्या नावावर नाही, ट्रस्टमध्ये आहे. मी विश्वस्त. राहायचं, सांभाळायचं, पण सगळं 'वरच्या खोलीतील लाभार्थी' याच्यासाठी. दर गुरुवारी चार वाजता वहीत त्याचा अंगठा घ्यायचा, तो हयात असल्याची खूण म्हणून. लाभार्थ्याची जन्मतारीख एकशे त्रेचाळीस वर्षांपूर्वीची! दोघी पोट धरून हसलो. मी मुद्रितशोधक, छापखान्यांच्या चुकांवर माझं पोट. म्हटलं, ही तर माझ्याच धंद्यातली चूक. वकीलबाई म्हणाल्या, जुन्या कागदांत असलं काहीबाही राहून जातं. मी कागद घरी आणून वाचला, दोन-चार ठिकाणी सवयीने पेन्सिल चालवली, आणि सही करून टाकली.

९ जानेवारी, गुरुवार

ठमी शाळेच्या सहलीला गेली होती म्हणून बरं.

चारला गंमत म्हणून वर गेले. बाहेरून कुलूप. आत भरपूर ऊन, एक लोखंडी खाट, स्टुलावर वही आणि शाईची डबी. खाटेवर पांढरी चादर, तिच्याखाली लांब उशीसारखं काहीतरी. मी वही उघडून चादरीवर ठेवली आणि मोठ्याने म्हटलं, घ्या आजोबा, करा अंगठा.

चादरीतून हात बाहेर आला.

म्हाताऱ्या माणसाचा हात. शाईत अंगठा बुडवला, चौकटीत नेमका टेकवला, आणि परत आत गेला. घाई नाही, थरथर नाही. 

जिन्यावरून कशी उतरले आठवत नाही. आता स्वयंपाकघरात बसून लिहितेय. मावशी जाऊन तीन आठवडे झाले. नखं नुकतीच कापलेली होती. कुणी कापली?

१६ जानेवारी, गुरुवार

गेले नाही. दोन कुलपं घातली आणि खाली बसून राहिले. सव्वाचारला ठमीचे कपडे आवरायला तिच्या खोलीत गेले. ती अजून शाळेतून यायची होती.

तिच्या पलंगावर पांढरी चादर. खाली लांब काहीतरी. हात बाहेर, अंगठा आधीच वर केलेला.

वही आणून दिली. काय करणार होते?

२३ जानेवारी, गुरुवार

ठमीला घेऊन चार तासांवर तिच्या आत्याकडे, म्हणजे ताईंकडे आले. ताई म्हणाल्या, न कळवता कशी गं आलीस. म्हटलं, हवापालट. त्या चहा टाकायला गेल्या, ठमी त्यांच्या मागोमाग. चार वाजले. पाहुण्यांच्या खोलीतला पलंग रिकामा नव्हता.

वही माझ्या पिशवीत निघाली. मी ती घरून घेतली नव्हती.

उद्या परत. पळून उपयोग नाही, उलट तो ठमीच्या आसपास येतो. निदान तिथे तो वर असतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

वकीलबाईंना सगळं सांगितलं होतं. त्या हसल्या नाहीत. गुरुवारी येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि हात पाहून तिथेच पायरीवर बसल्या. बराच वेळ चष्मा पुसत होत्या.

आज त्यांनी वाट काढलीय. एकशे त्रेचाळीस वर्षांचा माणूस जिवंत आहे हे कुठलंही कोर्ट मानणार नाही. त्याला मृत घोषित करून घ्यायचं. लाभार्थी नाही तर ट्रस्ट नाही, आणि घर सरळ माझं. इतकं सोपं होतं तर मावशीने का केलं नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तिला चांगला वकील भेटला नसेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज अंगठा झाल्यावर त्याने माझं बोट धरलं. दाबलं नाही. नुसतं धरलं, निघालेल्या माणसाला थांब म्हणावं तसं. हाताला ऊब होती. ते जास्त भयंकर वाटलं. 

वहीतल्या तारखांवरून दिसतं, मावशीने हे चाळीस वर्षं केलं.

२८ मार्च, शुक्रवार

निकाल लागला! दुपारी वकीलबाईंचा फोन आला: कोर्टाच्या दृष्टीने तो मेला. धावत वर गेले. खाट सपाट. चादर घडी घालून ठेवलेली. मी खिडक्या सताड उघडल्या आणि ओक्साबोक्शी रडले. ठमीला काही कळलं नाही, पण माझ्याबरोबर नाचली.

३० मार्च, रविवार

ठमी सकाळी तिच्या खोलीत नव्हती. वर खाटेवर झोपली होती. म्हणाली, आई, इथे छान झोप लागते गं. उचलून आणली. कुलूप लावलं. जेवायच्या वेळी पुन्हा वर. कुलूप तसंच.

चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. तिचे हात गार आहेत.

३१ मार्च, सोमवार

वकीलबाई आल्या. चेहरा पांढराफटक. हातात ट्रस्टचा कागद, शेवटचं पान. पाठीमागे एक कलम. 'लाभार्थी मृत घोषित झाल्यास पुढील गुरुवारी विश्वस्ताच्या रक्तातील सर्वांत लहान व्यक्ती, अथवा तिच्याऐवजी त्याच रक्तातील स्वखुशीने येणारी व्यक्ती, त्याची जागा घेईल.'

त्या म्हणाल्या, मी पाहिलंच नाही हो, मागची बाजू पाहिलीच नाही.

मी पाहिली होती. त्या ओळीवर माझी पेन्सिल आहे. एक चुकीची वेलांटी दुरुस्त केलीय. अक्षर न् अक्षर तपासलं आणि अर्थ वाचला नाही.

मावशीने वाचला होता. म्हणून कोर्टात गेली नाही. म्हणून आम्हाला घरात घेतलं नाही. तेव्हा सर्वांत लहान मी होते.

२ एप्रिल, बुधवार

ठमी आता उठतच नाही. हाक मारली की ओ देते, चादरीतून. चादर ओढायला गेले — पलीकडूनही कुणीतरी धरलेली —

निकाल मागे घेता येतो का विचारलं. येतो. महिने लागतात. उद्या गुरुवार.

ताईंना फोन केला. उद्या दुपारी निघून संध्याकाळी पोचतील.

३ एप्रिल, गुरुवार

दोन वाजले. वकीलबाईंनी आज चारनंतरची विश्वस्त म्हणून माझ्या जागी स्वतःचं नाव घातलं. मी नको म्हटलं नाही. कुणीतरी यायला हवं दर गुरुवारी. नाहीतर मी ठमीकडे जाईन. तो जायचा तशी.

साडेतीन. 'स्वखुशीने' लिहून सही केली. वर गेले, म्हटलं, ठमे, सरक, आईला जागा दे. ती सरकली. स्वतःहून उठली. भूक लागलीय म्हणाली. वकीलबाईंनी तिला खाली नेलं. डबे उघडल्याचा आवाज येतोय. खातेय ती. खातेय.

पावणेचार. चादर घेतलीय. जड आहे. गरम आहे. पायांकडून कुणीतरी नीट खोचतंय —

ताई, घाईत लिहिते. तिला आजच घेऊन जा. शेंगदाणे सोसत नाहीत तिला. गणितात रडते, रागवू नका, जरा वेळाने करते. या घरात पुन्हा आणू नका. मी बोलावलं तरी. माझा आवाज आला तरी. मोठी झाली की कशावरही सही करण्याआधी मागची बाजू —

डावा हात आता मला हलवता येत नाही. आपला आपण बाहेर चाललाय.

तिने विचारलं तर सांगा, आई