मुठीच्या आतलं नाव

१२ ऑक्टोबर २०१२, शुक्रवार

नवरात्र मंगळवारी बसतंय. आज बाबांची तलवार कपाटातून काढली. पात्याला लवंगेच्या तेलाचा बोळा, बाबांनी शिकवला तसाच, एका दिशेने, परत मागे न आणता. खोलीभर वास. तो वास आला की बाबा बनियनवर खुर्चीत बसलेले दिसतात, महायुद्धानंतर फौजेबरोबर जपानात जाऊन ही घेऊन आलेले बाबा नव्हेत, नंतरचे, पेन्शनीतले.

मग मुठीतली बांबूची खुंटी काढून लाकडी मूठ ओढली. आतला लोखंडी भाग चिंच-राखेने घासला. आईचा मान हा. पात्याला बाबा कुणाला हात लावू देत नसत, म्हणून तिने मुठीतला भाग मागून घेतला होता. आई गेल्यापासून मी. अलीकडे थोडा पॉलिशपेपरही. आरशासारखा झाला. शाळेत आम्ही मुली दर शनिवारी चॅपलच्या समया घासायचो, सिस्टर म्हणायच्या, देवाच्या वस्तूवर डाग म्हणजे आपल्या मनावर डाग.

लेकीने, मीनलने, विचारलं, तिच्या ऑफिसचे जपानी साहेब मोरी-सान दसऱ्याला जेवायला आले तर चालेल का. न्हावा शेव्याला वर्षभर एकटेच राहतात. म्हटलं, आण.

२४ ऑक्टोबर, दसरा

झोपण्याआधी सगळं लिहून ठेवते.

मोरी-सान आले. पन्नाशीपुढचे, बारीक, फार वाकतात. श्रीखंड दोनदा घेतलं. पाटावर तलवार, म्यानावर कुंकू, झेंडू. बघितली आणि घास तसाच ठेवून उठले. हात धुऊन आले, लांबूनच दोनदा वाकले, मग विचारलं, "पाहू का?"

खिशातला रुमाल घडी करून दातांत धरला. पात्यावर श्वास पडू नये म्हणून. मी साठ वर्षं ती पाहतेय, मला कधी सुचलं नाही. खिडकीशी नेऊन तिरकी धरली. मला जवळ बोलावून बोटाने दाखवलं, न टेकवता. लोखंडात लाकडासारख्या रेषा आहेत! आणि धारेच्या कडेने पांढरं धुकं, कुठे दाट, कुठे विरळ, थेट टोकापर्यंत. इतकी वर्षं मी तेल लावलं आणि पाहिलं मात्र नाही.

रुमाल काढून म्हणाले, ही लढायला केलेलीच नाही. मुठीला, म्यानाला साधं पांढरं लाकूड, नक्षी नाही. देवाला वाहायला केलेली असावी. कारागीर आपलं सगळ्यात चांगलं काम करतो, देवळात देतो, आणि मग ते पेटीत राहतं. कुणी बघत नाही.

कुणी बघत नाही, आणि तरी ते धुकं टोकापर्यंत नेलं त्याने.

मग त्यांनी मूठ काढली. आतला भाग चकाकत होता. मी कौतुकाची वाट बघत उभी.

त्यांनी तो उजेडात दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. मीनलनेच विचारलं, काय झालं. ते खाली बघून म्हणाले, हा भाग आमच्याकडे कधीच घासत नाहीत. तो काळा गंज ठेवायचा असतो. त्यावरून वय कळतं. आणि नाव इथेच कोरलेलं असतं. एका बाजूला कारागिराचं, दुसऱ्या बाजूला देवळाचं.

'अर्पण' एवढं वाचता आलं. देवळाच्या नावाचं पहिलं अक्षर आहे. पुढे गुळगुळीत.

मी पुसलं ते. आईने आणि मी.

२५ ऑक्टोबर

हिराबाई भांडी घासायला आली, तिला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ती म्हणाली, "लोकंडाला चिंच? ताई, आमी कोयत्यालाबी नुसतं तेल लावतो. एवढी शिकल्याली तुमी, कुनाला इचारलं नाय?"

नाही विचारलं.

काल जाताना मोरी-साननी पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली, दोन्ही बाजूंचे ठसे घेतले. त्यांच्या गावी एक जाणकार आहेत, त्यांना पाठवणार. दारात बूट घालताना म्हणाले, पातं इतकं चांगलं राखलंय, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. मला रडू आवरेना.

देऊळ सापडलं तर तलवार परत द्यायची, हे मी कालच मनात धरलं. पण ती माझ्या एकटीची नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

दादाला नाशिकला फोन. देऊळ सापडलं तर तलवार कुरिअरने पाठवून देऊ म्हटलं. आधी ऐकून घेतलं. मग तापला. "म्हणजे बाबांनी देवळातून चोरली?"

"तसं कुठे म्हणतेय मी, दादा."

"बाबा काय सांगायचे? हरलेल्या जपान्यांकडून जमा केलेल्या तलवारींचा डोंगर होता. वितळवणार होते, समुद्रात टाकणार होते. एकेकाला एकेक घ्यायची परवानगी मिळाली. बाबांनी ही घेतली म्हणून आज ती आहे. आणि तू कुरिअरने पाठवणार? एखादा चुकीचा आलेला मिक्सर पाठवतात तशी?"

त्याचं सगळं खरंच आहे. बाबा सांगायचे, बाकीचे चांदीच्या मुठी शोधत होते, मला ही पांढऱ्या लाकडातली दिसली, वाटलं हिला कुणी घेणार नाही. बाबांची नजर!

पण त्या डोंगरात ज्यांना ती द्यावी लागली, त्यांनी देवाची वस्तू दिली होती.

फोन ठेवताना दादा म्हणाला, "मी जिवंत असेपर्यंत नाही."

१० नोव्हेंबर

दिवाळीचं निम्मं फराळाचं झालं. चकल्या तुटल्या.

जाणकारांचं उत्तर आलं. कारागिराचं अर्धं नाव आणि ते एक अक्षर, यावरून एक गाव, एक लहान देऊळ असावं. खात्री नाही. उरलेलं अक्षर असतं तर प्रश्नच नव्हता, असं त्यांनी लिहिलंय. मोरी-सान ते वाक्य मला सांगणार नव्हते. मीनलने सांगितलं. बरं केलं.

देवळाच्या पुजाऱ्यांना पत्र जाणार.

२ डिसेंबर, रविवार

पुजाऱ्यांचं पत्र. मोरी-साननी आमच्याच सोफ्यावर बसून वाचून दाखवलं, थांबत थांबत. त्यांच्या वह्या लढाईत जळाल्या. जुनी माणसं सांगायची, पाच तलवारी द्याव्या लागल्या, एकही परत आली नाही. ही त्यांतलीच, हे सिद्ध करता येणार नाही. म्हणून आम्ही ती मागणार नाही. दिलीत तर दोन्ही हातांनी घेऊ. ठेवलीत तर तिच्यापुढे दिवा लागतोय याचं समाधान मानू.

मागितली असती तर सोपं झालं असतं.

दादाला पत्राची नक्कल पाठवली. खाली स्वतःचं काही लिहिलं नाही.

९ डिसेंबर

दादा आला. न कळवता. गुडघ्यांना पट्टे, हातात द्राक्षांची पेटी. पनवेलच्या स्टँडवरून रिक्षाने. आल्या आल्या, "काढ ती."

मी त्याला खिडकीशी उभं केलं, पातं तिरकं धरलं, रेषा आणि धुकं दाखवलं. तोंडात धरायला रुमाल दिला तर म्हणाला, "ही काय नाटकं," आणि धरला. बहात्तर वर्षांचा माणूस, तोंडात रुमाल, डोळे टोकाकडे. किती वेळ गेला कोण जाणे.

मग खुर्चीत बसला. "बाबांनी आपल्याला हे दाखवलं का नाही गं?"

"त्यांनाही कुणी दाखवलं नसेल."

चहा झाला. पेपर वाचला. मला वाटलं, विषय संपला. तर पेपरामागूनच, "मी देणार नाही असं म्हटलंच नव्हतं. कुरिअरने देणार नाही म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. जिवंत असेपर्यंत."

"मग तेवढ्यात उरकायला नको का? विचार त्या पुजाऱ्यांना, आम्ही दोघं घेऊन आलो तर चालेल का. बाबांनी उचलली, बाबांच्या पोरांनी ठेवावी."

मीनल म्हणाली, "मामा, तलवार घेऊन विमानात बसू देतील तुम्हाला?"

"ते तुझे मोरी बघतील. फौजेच्या माणसाचा मुलगा आहे मी."

पासपोर्ट दोघांचेही नाहीत.

१० डिसेंबर, सोमवार

सकाळी पत्र लिहायला घेतलं. इंग्रजीत. मोरी-सान जपानी करून देणार. येण्याबद्दल पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. दुसऱ्यात, ज्या बाजूला तुमचं नाव होतं ती बाजू आम्ही पुसली, हे लिहायचं होतं. तीन कागद फाडले. दादा शेजारी बसून द्राक्षं खात होता. म्हणाला, "आई प्रेमाने घासायची, हे लिही."

मी म्हटलं, ते लिहिलं तर माफी मागितल्यासारखं होणार नाही.

"मग दोन्ही लिही."

दोन्ही लिहिलं. कुठलं आधी, ते अजून ठरत नाही.