आकाशपाळण्यात सांडलेलं ताक

१२ ऑगस्ट, मंगळवार

पोचलो एकदाचे! तेजेनपासून अश्गाबादपर्यंत माझं अर्धं तिकीट रेल्वेच्या संडासातच वसूल झालं. ओगुलबिबी अख्ख्या डब्यादेखत म्हणाली, "अहो, बसा की एका जागी! काटे टोचतायत का खाली?" लोक हसले. मीही हसलो. उन्हाळा आहे, पाणी जास्त प्यायलं जातं, म्हटलं.

दोव्रान स्टेशनवर आला होता. पोरगा सुटलाय, नोकरी मानवली. मागे सून मायसा — मान खाली, ओढणीचं टोक दातात. लग्नाला दोन वर्षं झाली, मी तिचा आवाज ऐकलेला नाही. आमची रीतच तशी: थोरल्यांनी ओढणी देऊन जीभ सोडवेपर्यंत सुनेनं सासू-सासऱ्यांसमोर बोलायचं नाही. ओगुलबिबीला विचारलं, "हिची जीभ कधी सोडवायची?" तर म्हणे, "माझी सोडवायला तुमच्या आईनं सात वर्षं लावली!" त्याची कसर ती अजून भरून काढतेय, हे मी बोललो नाही.

गावची खरबुजं आणि उंटिणीच्या ताकाची बरणी सुखरूप आली. घर आठव्या मजल्यावर. संडास दोन! बरं वाटलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

शहर बघायला निघालो. दोव्राननं आधी गाडी पुसली — इथे मळकी गाडी चालत नाही. मला तर वाटलं, मळका माणूसही चालत नसेल.

कारंजी! जिकडे बघावं तिकडे कारंजी. दोव्रान सांगतोय, "बाबा, हे बघा, रात्री रंग बदलतं." आणि मी गुडघे आवळून उभा. त्या पाण्याच्या आवाजानं माझं काय होत होतं ते माझं मला ठाऊक. काराकुमच्या वाळवंटात जन्मभर ट्रक हाकला. कुठेही थांबायचं, झुडूप बघायचं, मोकळं व्हायचं. इथे नुसता पांढरा संगमरवर. झाडं माझ्या कमरेएवढी, आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर पोलीस.

शेवटी म्हटलं, मला पुस्तकांचं दुकान बघायचंय. ओगुलबिबी बघतच राहिली. "तुम्हाला? पुस्तकांचं?" आत पळालो. आतल्या बाईनं विनवण्या केल्यावर मागचं दार दाखवलं. परत येताना लाजेनं एक पुस्तक विकत घेतलं. मधमाश्या पाळण्याचं आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

डोळ्यांपुढे अंधारी येते. तोंड वाळून चामडं झालंय. चहानं तहान भागत नाही, खरबुजानं जरा बरं वाटतं. तेच खातोय, बशीवर बशी.

आज एक प्रकार झाला. माझ्या पुढ्यातली खरबुजाची बशी मायसानं उचलून नेली! मी हात पुढे केला होता! आमच्याच गावचं खरबूज, आणि सासऱ्याच्या तोंडचा घास काढते! मी ओगुलबिबीकडे बघितलं. ती म्हणाली, "शहरातल्या पोरी. हात आखडता." बापावेगळी पोर आहे, वळण लावायला कुणी नव्हतं म्हणायचं. बाप लग्नाच्या आदल्या वर्षी बसल्या जागी गेला म्हणे, लग्नही बघितलं नाही त्यानं.

मी उठून स्वतः दुसरं कापलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

लिहू की नको? लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगायचंय!

आज तो काचेतला आकाशपाळणा. दोव्राननं आल्यापासून डोकं खाल्लं होतं, "बाबा, वरून सगळं वाळवंट दिसतं." मी म्हटलं, तुम्ही जा, मी खाली बसतो. ओगुलबिबी म्हणाली, "उंचीला घाबरतात! एवढा मोठा ट्रकवाला!" गेलो मग. घाबरतो म्हटल्यावर न जाऊन कसं चालेल?

चौघं एका डब्यात, वर बसून प्यायला म्हणून गावच्या ताकाची बरणी मायसाच्या मांडीवर. दार लागलं आणि मला कळलं, आता काही खरं नाही. पाळणा इतका हळू, इतका हळू! दोव्रान बोटानं दाखवतोय, "ते बघा आमचं ऑफिस," आणि मला घाम फुटलेला. वर पोचता पोचता झालं. मला थांबवता आलं नाही. म्हातारा माणूस, नातवंडं खेळवायच्या वयाचा, करड्या विजारीत बसल्या जागी — शी! लिहितानाही कान तापले.

ओगुलबिबी आणि दोव्रान काचेला नाक लावून बाहेर बघत होते. मायसा मात्र समोर बसलेली, मान खाली. माझ्यासमोर तिची मान खालीच असते ना! तिला सगळ्यात आधी दिसलं. आमची नजरानजर झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तिनं ताकाची बरणी उघडली आणि सगळी माझ्या मांडीवर ओतली.

ओगुलबिबी किंचाळली! "हात मोडले का तुझे? गावाहून जपून आणलं ते! बाबांचे कपडे बघ!" दोव्रानही वैतागला, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" मायसानं टोक दातात आणखी घट्ट धरलं आणि खाली बसून फरशी पुसायला लागली. आंबट वासात सगळंच झाकलं गेलं.

आणि मी? मी मूग गिळून बसलो. ओगुलबिबी म्हणाली, "तुम्ही तरी बोला काहीतरी हिला!" तर मी म्हटलं — देवा! — मी म्हटलं, "जाऊ दे, लहान आहे, चुकते."

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी विजार उशाशी. धुतलेली, इस्त्री केलेली. हात लावायची हिंमत झाली नाही.

ओगुलबिबीनं तिच्या बहिणीला फोनवर ताकाची सगळी कथा सांगितली. मग दुसऱ्या बहिणीला. दर फोनला बरणी मोठी होत होती. जेवताना फर्मान सुटलं: मायसाला आपल्याबरोबर गावी न्यायचं. हिवाळा सरेपर्यंत सासूच्या हाताखाली राहील, हाताला वळण लागेल. सोमवारच्या गाडीचं तिकीट काढायचं. दोव्रान आधी पुटपुटला, "आई, अगं एका बरणीपायी..." तर म्हणे, "आज बरणी, उद्या हातातून मूल पाडेल!" मग तो गप्प झाला. पोरगा माझ्यावर गेलाय.

मायसा रोटी तोडत होती. हात थांबला फक्त. हिवाळाभर नवऱ्यापासून दूर, त्या चुलीपाशी, शेजारणींसमोर "धांदरट सून" म्हणून. आणि तिला ब्र काढता येत नाही. एक वाक्य सांगायचं होतं मला. एकच! चहाचा घोट घेतला आणि वारा फार सुटलाय म्हटलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१७ ऑगस्ट, रविवार

बाजारात गेलो. दोनदा आडोसा शोधावा लागला. ओगुलबिबीला गाठून सांगायचंच असं ठरवलं होतं. ती जिऱ्यावरून भांडत होती. भांडण संपलं तेव्हा माझा धीरही संपला.

मग एक युक्ती सुचली. लाल फुलांची रेशमी ओढणी घेतली, चांगली भारी. घरी आल्यावर सगळ्यांदेखत मायसाच्या पुढ्यात ठेवली. "घे पोरी. आजपासून तुझी जीभ मोकळी. माझ्यासमोर बोलत जा."

ओगुलबिबीचा चेहरा बघण्यासारखा झाला! "सात वर्षं मला, आणि हिला दोनच? तेही ताक सांडल्यावर?" दोव्रान मात्र खूश, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

मायसानं ओढणी कपाळाला लावली, आत घेऊन गेली. बोलली काहीच नाही.

मनात काय होतं माझ्या? खरं लिहू? वाटलं, आता हिला तोंड आहे, हीच सांगेल. आपोआप फुटेल सगळं. मला सांगावं लागणार नाही. ओढणी देऊन मी तिची जीभ सोडवली नाही, माझी वाचवली. असला माणूस मी!

सामान बांधून झालंय. मायसाचं गाठोडं दारापाशी आहे. केवढंसं आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी चहाला सगळे बसलो होतो. मी खरबुजाकडे हात नेला. मायसानं माझा हात धरला. तोंडातलं टोक काढलं. आवाज घोगरा आहे तिचा, मला बारीक असेल वाटायचं.

ताकाचं नाव काढलं नाही. गावाचंही नाही. म्हणाली, "बाबा, माझ्या बाबांनाही अशीच तहान लागायची. उन्हाळा आहे म्हणायचे आणि गोड खरबुजं खात राहायचे. कुणाला सांगितलं नाही त्यांनी."

ओगुलबिबी म्हणाली, "काय सांगितलं नाही? काय बोलतेय ही?"

मी बशी दूर सरकवली आणि आकाशपाळण्यापासून सांगायला सुरुवात केली.